केळीच्या चिकात टिकेल तीच चिप खरी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

ग्राफीनच्या चिपवर एक थेंब टाकला की काही मिनिटांत रोगाचा डीएनए ओळखता येतो, अशा बातम्या अधूनमधून येतात. खानदेशात त्या वाचणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो केळीच्या रोपांचा. मृगबाग जून-जुलैत लावायची, कांदेबाग सप्टेंबर-ऑक्टोबरात. ट्रेमधून उतरवलेले रोप हिरवेगार असते, पण विषाणू त्याच्यासोबत आला आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. लक्षणे दिसतात तेव्हा ठिबक, खत, मजुरी सगळे होऊन गेलेले असते, आणि झाड कंदासकट उपटण्याशिवाय उपाय उरत नाही. म्हणून अशी चाचणी येथे व्हावी असे आम्हाला मनापासून वाटते. मात्र बातमीतली चिप आणि रावेर-यावलच्या बागेत उपयोगी पडेल अशी चाचणी यांत बरेच अंतर आहे. हे अंतर नेमके कुठे आहे ते या पत्रात मांडत आहोत, कारण आपल्या भागातल्या महाविद्यालयांत या विषयावर प्रकल्प होतात आणि उद्या कोणी अशी चिप विकायलाही येईल.

तत्त्व सोपे आहे. डीएनएचा एकेरी धागा आपल्या जोडीच्या धाग्यालाच घट्ट धरतो. विषाणूच्या जनुकातला १८ ते २५ अक्षरांचा (अक्षरे म्हणजे ए, टी, जी, सी हे डीएनएचे चार घटक) तुकडा निवडून त्याला जुळणारा कृत्रिम धागा, म्हणजे प्रोब, इलेक्ट्रोडवर बसवतात. नमुन्यात विषाणू असेल तर त्याचा धागा प्रोबला येऊन जुळतो, पृष्ठभागावरचा ऋण भार वाढतो आणि मोजलेला विद्युतप्रवाह बदलतो. डीएनए इलेक्ट्रोडवर विद्युतरासायनिक प्रतिसाद देतो हे एमिल पालेचेक यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस पाऱ्याच्या इलेक्ट्रोडवर दाखवले होते. ग्राफीन २००४ मध्ये मँचेस्टरच्या गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी वेगळे केले. त्यासाठी त्यांना २०१० चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. कार्बनचा हा एक अणू जाडीचा पापुद्रा वीज चांगली वाहतो, थोड्या वजनात मोठे क्षेत्रफळ देतो आणि डीएनएची सपाट अक्षरे त्यावर आपोआप चिकटून बसतात. हा शेवटचा गुण फायद्याचाही आहे आणि गोत्यात आणणाराही. त्याकडे पुढे येतो.

सगळ्यात आधी विषाणू कोणता, हे ठरवायला हवे. आपल्याकडे शेतकऱ्याला अधिक भेडसावणारा रोग म्हणजे हरण्या: पानांवर पिवळट पट्टे, मग पोंगा सडणे. त्याचा कारक कुकुंबर मोझॅक विषाणू, आणि या विषाणूत डीएनए नसतोच. त्याचा जीनोम, म्हणजे जनुकांचा पूर्ण संच, आरएनएच्या तीन तुकड्यांचा आहे. म्हणजे ‘डीएनए ओळखणारी चिप’ म्हणून जे विकले जाईल ते हरण्यासाठी वेगळे करून घ्यावे लागेल. डीएनए प्रोबला आरएनएही जुळतो, हे खरे. पण आरएनए फार नाजूक. झाडाच्या रसात, माणसाच्या बोटांवर, धुळीत त्याला तोडणारी विकरे असतात. हातमोजे न घालता पान कुस्करले, तर चिपपर्यंत पोहोचेस्तोवर मोजण्याजोगे काही उरेलच असे नाही, आणि यंत्र ‘रोग नाही’ असे सांगेल. पान खुडल्यावर लगेच आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात बुडवणे किंवा बर्फावर ठेवणे, आणि रस काढण्याच्या बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ही विकरे निकामी करणारे ग्वानिडीनसारखे रसायन घालणे, एवढे किमान हवे. डीएनए उकलण्यासाठी ९५ अंशांना तापवतात तसे येथे करू नये. मॅग्नेशियम असलेल्या द्रावणात त्या तापमानाला आरएनए तुटतो. ६५ ते ७० अंश, पाच मिनिटे, पुरे.

पर्णगुच्छ, म्हणजे बंची टॉप, याचा विषाणू मात्र या तंत्राला सोयीचा आहे. त्याचा जीनोम एकेरी डीएनएच्या लहान लहान वर्तुळांचा असतो, किमान सहा, प्रत्येकी सुमारे हजार ते अकराशे अक्षरांची. धागा मुळात एकेरी, त्यामुळे दुहेरी गोफ उकलण्याची पायरी वाचते. तरी वर्तुळ स्वतःभोवती दुमडलेले असते, म्हणून प्रोबचा तुकडा निवडताना तो दुमडीत दडलेला तर नाही ना हे संगणकावर आधी तपासावे. तिसरा स्ट्रीक विषाणू. याचा डीएनए दुहेरी, सात ते आठ हजार अक्षरांचा, आणि त्यात एक सापळा आहे. पूवन, नेंद्रन अशा ज्या जातींत बी जीनोम (बाल्बिसियाना या रानकेळीकडून आलेला) असतो, त्यांच्या स्वतःच्याच गुणसूत्रांत या विषाणूचे तुकडे जोडले गेलेले असू शकतात. झाड निरोगी असले तरी चिप ‘आहे’ म्हणेल. आपली ग्रँड नैन तिन्ही ए जीनोमची, त्यामुळे येथे ही अडचण नाही. पण जळगावात जमलेली चाचणी दक्षिणेत तशीच वापरता येणार नाही.

आता इलेक्ट्रोडकडे. बहुतेक प्रयोगशाळा ग्राफाइटपासून ग्राफीन ऑक्साइड करतात, हमर्स यांच्या १९५८ च्या पद्धतीने किंवा तिच्या सुधारित रूपाने. पदवी-पदव्युत्तर मुलांकडून हे करून घेणाऱ्यांना कळकळीची विनंती: तीव्र गंधकाम्लात पोटॅशियम परमँगनेट टाकले की मँगनीज हेप्टॉक्साइड तयार होते. ते ५५ अंशांच्या वर स्फोटक आहे आणि सेंद्रिय पदार्थाशी गाठ पडली तर त्याच्या आधीच पेटते. परमँगनेट चमचा चमचा, बर्फाच्या पात्रात, तापमान २० अंशांखाली ठेवून घालायचे. उन्हाळ्यात दुपारी बर्फ किती झपाट्याने वितळतो हे आपल्याला ठाऊक आहे. राखीव बर्फ जवळ नसेल तर प्रयोग सुरूच करू नये. शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइड घातल्यावर द्रावण पिवळे होते. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवून मँगनीज काढायचे आणि नंतर शुद्ध पाण्याने धुवायचे. ही धुलाई कंटाळवाणी असते, कारण आम्लता उतरत गेली की ऑक्साइड फुगून जेलीसारखे होते आणि सेंट्रिफ्यूजमध्ये बसत नाही. तिथेच घाई होते. राहिलेले मँगनीज आणि लोह स्वतःच विद्युतरासायनिक प्रतिसाद देतात, आणि तो ग्राफीनचा गुण म्हणून अहवालात नोंदवला जातो. तयार ऑक्साइड गरम ओव्हनमध्ये ठेवू नये. ते ६० अंशांच्या आत वाळवावे. पोटॅशियमचे क्षार राहिलेले कोरडे ऑक्साइड पेट घेऊ शकते.

बाजारातून आणलेल्या भुकटीवरही डोळे झाकून विश्वास ठेवू नये. २०१८ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी जगभरातल्या ६० उत्पादकांची ‘ग्राफीन’ तपासली. बहुतेकांच्या मालात खरे ग्राफीन दहा टक्क्यांहूनही कमी निघाले, बाकी बारीक ग्राफाइट. म्हणून प्रत्येक नव्या बाटलीचा रामन वर्णपट (लेसरचा विखुरलेला प्रकाश मोजून पदार्थ ओळखणारा आलेख) घ्यावा. प्रति सेंटिमीटर १३५०, १५८० आणि २७०० च्या आसपासची शिखरे आणि त्यांची गुणोत्तरे नोंदवून ठेवावीत; बाटली बदलली तर कॅलिब्रेशनही नव्याने करावे.

बसवण्याची रीत अशी. छापील कार्बन इलेक्ट्रोड घ्या, साधारण चार मिलिमीटर व्यासाचा. एक मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर ग्राफीन ऑक्साइड अर्धा तास अल्ट्रासोनिक बाथमध्ये विखुरून त्याचे पाच मायक्रोलिटर वर ठेवा. हा थेंब उघड्यावर भराभर वाळला तर सगळा माल कडेला जाऊन वलय तयार होते आणि मध्यभाग उघडा राहतो. झाकणाखाली सावकाश वाळू द्यावा. मग फॉस्फेट बफरमध्ये शून्य ते उणे १.५ व्होल्ट असे दहा-वीस फेरे देऊन तिथल्या तिथे क्षपण करता येते, म्हणजे ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढता येतो. पहिल्या फेऱ्यात दिसणारे मोठे क्षपण शिखर पुढच्या फेऱ्यांत नाहीसे झाले, की काम झाले. विषारी हायड्राझिनची त्यासाठी गरज नाही. क्षपण अर्धवट राहिले तर थर वीज नीट वाहत नाही, अति झाले तर प्रोब जोडायला लागणारे कार्बोक्सिल गट कमी होतात. फेऱ्यांची संख्या प्रत्येक मालासाठी स्वतः ठरवावी लागते, दुसऱ्याच्या निबंधातली उचलून चालत नाही.

प्रोब जोडण्याचे दोन मार्ग आहेत आणि निवड येथे महत्त्वाची आहे. सोपा मार्ग म्हणजे एकेरी प्रोब ग्राफीनवर नुसता चिकटू देणे. विषाणूचा धागा जुळला की दुहेरी गोफ होतो, अक्षरे आत दडतात, पकड ढिली होते आणि जोडी पृष्ठभागावरून सुटते. शुद्ध बफरमध्ये हे सुरेख चालते. रसात मात्र प्रथिने, पॉलिफिनॉल आणि झाडाचा स्वतःचा ढीगभर डीएनए असतो, आणि यांतले काहीही प्रोबला ढकलून जागा घेऊ शकते. प्रोब सुटला एवढेच यंत्राला कळते; तो विषाणूमुळे सुटला की चिकामुळे, हे कळत नाही. म्हणून शेतातल्या नमुन्यासाठी हा मार्ग आम्ही योग्य मानत नाही, अशा निबंधांची संख्या कितीही असो.

दुसरा मार्ग पक्क्या बंधाचा. अमाइन गट लावलेला प्रोब घ्यायचा, ग्राफीनवरचे कार्बोक्सिल गट ईडीसी आणि एनएचएस या जोडणाऱ्या रसायनांनी तासभर सक्रिय करायचे, एमईएस बफरमध्ये, साडेपाच ते सहा पीएचला. मग सक्रियक धुवून एक मायक्रोमोलर प्रोबचे पाच-दहा मायक्रोलिटर फॉस्फेट बफरमध्ये ठेवून रात्रभर चार अंशांना राहू द्यायचे. येथे वारंवार होणाऱ्या दोन चुका अशा: ट्रिस बफर वापरले तर त्याचा स्वतःचाच अमाइन गट प्रोबच्या जागा खातो. आणि ईडीसीची बाटली फ्रीझरमधून काढून लगेच उघडली, तर पावसाळी हवेतली वाफ भुकटीवर बसून ते निकामी होते. बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, द्रावण दर वेळी ताजे करावे. उरलेल्या सक्रिय जागा इथॅनॉलअमाइनने बुजवायच्या. सोन्याचे सूक्ष्मकण वापरले तर प्रोबला थायॉल गट लावतात आणि मोकळी जागा मर्कॅप्टोहेक्झॅनॉलने भरतात.

प्रोब जास्त घातला की संवेदनशीलता वाढते हा समज चुकीचा आहे. चौरस सेंटिमीटरला काही लाख कोटींच्या पुढे प्रोब गेले की ते एकमेकांना खेटतात, त्यांचे ऋण भार येणाऱ्या धाग्याला परतवतात आणि जुळणी घटते. वर नमुन्यातला धागा हजार अक्षरांचा असेल तर त्याला शिरायला वाटच उरत नाही. पेप्टाइड न्यूक्लिक आम्लाचा (डीएनएसारख्याच कृत्रिम रेणूचा) प्रोब भाररहित असतो, त्यामुळे हा त्रास कमी होतो आणि एका अक्षराचा फरकही अधिक ठळक कळतो. तो महाग आहे, पण अशा कामात ते पैसे सार्थकी लागतात.

जुळणीची पायरी खानदेशात वेगळी काळजी मागते. दोनपट एसएससी (मीठ आणि सायट्रेटचे) बफर, म्हणजे ०.३ मोलर मीठ, आणि ४२ अंश, अर्धा ते एक तास: कागदावर एवढेच. पण हवा कोरडी आणि पारा ४४ वर असताना दहा मायक्रोलिटरचा थेंब उघड्यावर पाहता पाहता आटतो. तो निम्मा झाला की मीठ दुप्पट होते, आणि मीठ वाढले की न जुळणारे धागेही चिकटून राहतात. पेट्री डिशमध्ये ओला गाळणकागद ठेवून झाकणाखालीच हे करावे. डिसेंबरच्या सकाळी उलट होते. खोली १२ अंशांवर असते. २० अक्षरी प्रोबची पक्की जोडी साधारण ५५-६० अंशांना सुटते, एक अक्षर चुकलेली त्याहून पाच-दहा अंश खाली. म्हणजे १२ अंशांना बरोबर आणि चूक दोन्ही निवांत बसून राहतात. तापमान धरून ठेवणारा छोटा तापक यंत्रात नसेल, तर मे महिन्यातला आकडा आणि डिसेंबरमधला आकडा एका तक्त्यात मांडू नये. १२ वरून ४४ अंशांवर गेले की पाण्यातले विसरण दुपटीच्या पुढे जाते आणि विसरणावर अवलंबून असलेले शिखर सुमारे दीडपट होते. विषाणूमुळे पडणारा फरक अनेकदा याहून लहान असतो.

मोजमापाच्या तीन पद्धती रूढ आहेत. फेरी-फेरोसायनाइडचे पाच मिलिमोलर द्रावण घेऊन इम्पिडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा विरोध, मोजणे: १०० किलोहर्ट्झ ते ०.१ हर्ट्झ, दहा मिलिव्होल्ट. डीएनएचा ऋण भार या आयनांना ढकलतो, म्हणून जुळणी झाली की विरोध वाढतो. पण पृष्ठभागावर प्रथिनांचा किंवा चिकाचा थर बसला तरी विरोध वाढतोच. द्रावण अंधारात ठेवावे आणि ताजे करावे. सोन्याच्या कणांवर ते फार वेळ ठेवले तर सायनाइड सोने कुरतडते. दुसरी पद्धत मिथिलीन ब्लू या डीएनएला चिकटणाऱ्या रंगद्रव्याची, उणे ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आसपास. याच पट्ट्यात विरघळलेल्या ऑक्सिजनचे क्षपण सुरू होते, म्हणून भांड्यात मोजत असाल तर दहा मिनिटे नायट्रोजन सोडावा. छापील चिपवरच्या थेंबात ते जमत नाही, तिथे स्क्वेअर वेव्ह पद्धत वापरून पायाचा प्रवाह वजा करावा. तिसरी, ग्वानीनचे, म्हणजे डीएनएतल्या जी या अक्षराचे, सरळ ऑक्सिडीकरण. तिला रंगद्रव्य लागत नाही म्हणून ती आकर्षक वाटते. केळीसाठी ती टाळावी; का, ते पुढच्या परिच्छेदात सांगितले आहे. छापील चिपवरचा संदर्भ इलेक्ट्रोड नुसत्या चांदी-क्लोराइडचा असतो, आणि क्लोराइडचे प्रमाण दहापट बदलले की त्याचे व्होल्टेज ५९ मिलिव्होल्टने सरकते. धुण्याचे पाणी बोअरवेलचे असेल तर शिखर कुठे जाईल सांगता येत नाही. शुद्ध विआयनित पाणी आणि प्रत्येक मोजणीला तेच बफर, याला पर्याय नाही.

आता चीक. केळीच्या रसात टॅनिन आणि पॉलिफिनॉल भरपूर असतात. हवा लागली की ते काळे पडतात. कपड्यावरचा केळीचा डाग ज्या कारणाने जात नाही, त्याच कारणाने इलेक्ट्रोडवरचा थरही जात नाही. शिवाय केळीच्या सालीत आणि गरात डोपामिन मुबलक आहे. ग्राफीन डोपामिन ओळखण्यात इतके तरबेज आहे की त्यासाठी वेगळे सेन्सर बनवले जातात. डोपामिन ०.२ व्होल्टच्या आसपास ऑक्सिडीकृत होते आणि पृष्ठभागावर त्याचा चिवट थर बसतो. धन व्होल्टेजकडे जात ग्वानीन शोधायला निघालेले यंत्र वाटेत हे सगळे ऑक्सिडीकृत करून स्वतःच बुजते. बफरमध्ये कृत्रिम डीएनए टाकून काढलेले सुंदर आलेख येथे काही कामाचे राहत नाहीत.

म्हणून डीएनए वेगळा काढणे आलेच. विषाणू रसवाहिन्यांत असतो, तेव्हा नमुना कोवळ्या पानाच्या मधल्या शिरेतून किंवा देठातून घ्यावा, पात्याच्या कडेचा घेऊ नये. १०० मिलिग्रॅम शिरा, दोन टक्के सीटॅब (पेशी फोडणारा साबणासारखा पदार्थ), १.४ मोलर मीठ, २० मिलिमोलर ईडीटीए, १०० मिलिमोलर ट्रिस पीएच आठ. त्यात दोन टक्के पीव्हीपी आणि थोडे मर्कॅप्टोइथॅनॉल. पीव्हीपी पॉलिफिनॉलना धरून ठेवते, ते वगळले तर अर्क तपकिरी येतो आणि तिथेच थांबलेले बरे. ६५ अंशांना अर्धा तास, मग क्लोरोफॉर्म-आयसोअमाइल अल्कोहोल २४ ला १, वरचा थर घेऊन आयसोप्रोपॅनॉलने अवक्षेपण, ७० टक्के इथॅनॉलने धुलाई. यातले सीटॅब धन भाराचे आहे. ते नीट धुतले गेले नाही तर ऋण डीएनएला आणि इलेक्ट्रोडला दोघांनाही चिकटते आणि आकडा खोटा पडतो. हे सगळे बांधावर होणारे काम नव्हे. बांधावर न्यायचेच असेल तर चुंबकीय मण्यांवर डीएनए धरून धुण्याची पद्धत अधिक आशादायक आहे, आणि आमच्या मते संशोधनाचे मुख्य श्रम ग्राफीनच्या नव्या मिश्रणांपेक्षा या पायरीवर खर्च व्हायला हवेत.

संवेदनशीलतेच्या दाव्यांकडे हिशेबाने पाहावे. एक फेम्टोमोलर द्रावणाच्या दहा मायक्रोलिटर थेंबात सुमारे ६,००० रेणू असतात, एका ॲटोमोलरच्या थेंबात फक्त सहा. एवढे रेणू स्वतःहून प्रोबपर्यंत पोहोचायला तासभर पुरत नाही. तरीही असे दावे छापले जातात, कारण प्रवाह संहतीच्या लॉगॅरिदमशी मांडून त्या रेषेच्या उताराने कोऱ्या नमुन्याच्या विचलनाची तिप्पट भागली जाते. लॉग अक्षावर हे सूत्र लागूच होत नाही. प्रत्यक्ष मोजलेली सर्वात कमी संहती किती, आणि ती किती वेगवेगळ्या चिपवर मोजली, एवढे विचारले की बरेच दावे खाली येतात. लागणीच्या सुरुवातीला विषाणू कमी असतो तेव्हा आधी तो वाढवून घ्यावाच लागतो. लॅम्प पद्धतीत ६० ते ६५ अंशांच्या एकाच तापमानाला तासाभरात हे होते, आरएनएसाठी त्यातच उलट प्रतिलेखन (आरएनएवरून डीएनए बनवणे) करता येते, आणि तयार झालेल्या डीएनएला मिथिलीन ब्लू चिकटल्याने प्रवाह पडतो. धोका एकच आणि मोठा: वाढवलेल्या डीएनएची नळी त्या खोलीत उघडली की पुढचे सगळे नमुने ‘आहे’ दाखवू लागतात. नळी बंद ठेवून मोजता येईल अशी रचना हवी, नाहीतर दोन वेगळ्या खोल्या.

चुकीच्या ‘आहे’ची किंमत शेतकरी आणि रोपवाटिका दोघेही मोजतील. समजा १,००० रोपांत दहा बाधित आहेत आणि चाचणी निरोगी रोपांपैकी ९५ टक्के बरोबर ओळखते. ९९० निरोगी रोपांपैकी सुमारे ५० रोपे बाधित ठरतील. बाधित दहाही सापडली असे धरले, तरी ‘आहे’ आलेल्या साठांपैकी पन्नास निरोगी. म्हणून प्रत्येक रोपावर चिप चालवण्यात अर्थ नाही. एका मातृरोपाच्या कंदापासून शेकडो रोपे होतात. मातृरोपे आणि बाटलीतले सुरुवातीचे कोंब तपासणे हीच या चाचणीची जागा, आणि तिथे ‘आहे’ आलेले प्रत्येक रोप पीसीआरने (डीएनएच्या प्रती वाढवून ओळखणाऱ्या रूढ चाचणीने) पुन्हा तपासले जावे. उती संवर्धित रोपांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची प्रमाणन व्यवस्था २००६ पासून आहे आणि तीत विषाणूंची तपासणी होते. रोपे घेताना त्या प्रमाणपत्राची मागणी करणे हे आजच, चिपशिवाय, करता येते. शिवाय रोप स्वच्छ असले तरी बागेत मावा हरण्या आणतोच. कपाशीवरचा मावाही त्याचा वाहक आहे. केळीत काकडीवर्गीय वेल, मिरची, चवळी घेऊ नये हा सल्ला कोणत्याही चिपने रद्द होत नाही.

नंदुरबारमधल्या सिकलसेलसाठी हीच चिप का नको, असेही विचारले जाते. तिथे बीटा ग्लोबिन जनुकात एकच अक्षर बदललेले असते, एच्या जागी टी, आणि तंत्र म्हणून तो उत्तम विषय आहे. पण हिमोग्लोबिन थेट तपासणाऱ्या विद्राव्यता चाचणी, इलेक्ट्रोफोरेसिस आणि एचपीएलसी या पद्धती रुळलेल्या आहेत. २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले, आणि त्या कामाला आज नव्या सेन्सरपेक्षा चाचणीनंतरचे समुपदेशन आणि औषध अधिक गरजेचे आहे.

चिप विकायला येणाऱ्याला शेतकरी उत्पादक कंपन्यांनी आणि रोपवाटिकांनी हे जरूर विचारावे: कोणत्या विषाणूचे कोणते जनुक? अर्क काढून की थेट रसावर? किती निरोगी ग्रँड नैन पानांवर तपासली आणि त्यातली किती चुकली? आणि फ्रिजशिवाय ४५ अंशांना प्रोब किती दिवस टिकतो? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर एप्रिलमध्ये मागवलेली चिप जूनमध्ये वापरता येणार नाही.

आपल्या विद्यापीठाला, जळगावच्या केळी संशोधन केंद्राला आणि महाविद्यालयांना आमची सूचना अशी की पुढचे प्रकल्प एका सामायिक नमुनासंचावर व्हावेत. रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर, शहादा, शिरपूर येथून पानांच्या शिरा गोळा कराव्यात: हरण्या असलेल्या, पर्णगुच्छ सापडल्यास त्या, अन्नद्रव्याच्या कमतरतेने पिवळ्या पडलेल्या, करप्याच्या, आणि भरपूर निरोगी. पिवळ्या पण विषाणू नसलेल्या पानांचा वाटा मोठा असावा, कारण बागेत गफलत तिथेच होते. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करावेत. एक सिलिका जेलवर वाळवून डीएनएसाठी, दुसरा आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात उणे ८० अंशांना. पीसीआरचा निकाल एका तिसऱ्या व्यक्तीकडे बंद राहावा आणि चिप बनवणाऱ्याला फक्त क्रमांक मिळावेत. प्रत्येक फेरीत कोरे बफर, निरोगी रस, निरोगी रसात मुद्दाम घातलेला ठरावीक डीएनए आणि केळीच्या स्वतःच्या एखाद्या जनुकाचा प्रोब, एवढ्या तुलना असाव्यात. त्या शेवटच्या प्रोबला काही दिसले नाही तर अर्कच फसला आहे आणि ‘रोग नाही’ हा निकाल ग्राह्य धरू नये. निकाल जुळले तेही आणि चुकले तेही, चिपच्या बॅच क्रमांकासह, विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मराठीत प्रसिद्ध व्हावेत. येत्या कांदेबागेच्या लागवडीपासून नमुने गोळा करायला सुरुवात करता येईल. त्यासाठी लागणारे सिलिका जेल, नळ्या आणि फ्रीझर बहुतेक महाविद्यालयांत आजही आहेत.

आपले,
रसायनशास्त्र व वनस्पतिशास्त्र विषयांचे काही शिक्षक,
जळगाव जिल्हा